वाडीची खबर

कारखान्याच्या फाटकातून आत शिरले की डाव्या हाताला काचेच्या दाराची एक लाकडी पेटी असते. तिला नोटीस बोर्ड म्हणतात. माझ्या नोकरीची बरीच वर्षे या पेटीची किल्ली माझ्या खिशात होती. एका मध्यम आकाराच्या कारखान्याच्या पर्सोनेल खात्यात मी होतो. वरून आलेला निर्णय टाइप करायचा, साहेबांची सही घ्यायची, चार टाचण्या लावायच्या आणि कुलूप घालायचे. कामगारांना कळवले, अशी नोंद फाइलमध्ये झाली की माझे काम संपले, असे मी प्रामाणिकपणे समजत होतो.

एका शनिवारी दुपारी मी असाच एक कागद त्या पेटीत लावला. वीजकपातीमुळे सोमवारपासून पहिली पाळी अर्धा तास आधी सुरू होणार होती. मजकूर इंग्रजीत होता, आणि खाली त्याचे मराठी भाषांतर होते. पण ते मराठी वाचण्यापेक्षा इंग्रजी बरे, असे कुणीही म्हणाले असते. वीजकपातीचे कारण मी लिहिलेच नव्हते. निर्णय लिहायचा, कारणे लिहायची नाहीत, अशी आमच्या खात्याची रीत होती. सोमवारी सकाळी फाटकाबाहेर गर्दी जमली. अर्धा तास ही नुसती सुरुवात आहे, पुढच्या महिन्यात तिसरी पाळी बंद होऊन शंभर माणसे घरी जाणार, अशी बातमी रविवारभर वस्तीत फिरली होती. दोन दिवस काम बंद राहिले. तिसऱ्या दिवशी खुलासा झाला, यंत्रे सुरू झाली, आणि महिनाअखेरीस दोन दिवसांचा पगार कापला गेला. ते पगारपत्रक तयार करणाराही मीच होतो.

आमच्याकडे एक जुने टर्नर होते. चहाच्या सुट्टीत ते मला एवढेच म्हणाले की अर्ध्या तासाबद्दल त्यांची तक्रार नव्हती; पण आपल्या कारखान्याची बातमी आपल्याला फाटकाबाहेरच्या पानटपरीवर कळावी, याचे त्यांना वाईट वाटले. मग आपला रिकामा कप उचलून ते निघून गेले.

त्या दिवसांत मी लक्ष्मणराव किर्लोस्करांच्या आयुष्याकडे वळलो. नांगराचा कारखाना काढणारा माणूस म्हणून त्यांचे नाव शाळेपासून ठाऊक होते. परंतु माझ्या मनात प्रश्न वेगळा होता. माळरानावर शंभर अडचणींत कारखाना उभा करणाऱ्या या माणसाने आपल्या माणसांशी बोलणे कसे जमवले असेल? त्यांच्या चरित्रात त्यासाठी वेगळे प्रकरण सापडत नाही. ते सगळ्या आयुष्यात पसरलेले आहे.

लक्ष्मणरावांचा जन्म २० जून १८६९ रोजी बेळगाव जिल्ह्यातल्या गुर्लहोसूर या गावी झाला. वडील काशीनाथपंत. मुलाचा ओढा पुस्तकी शिक्षणाकडे नव्हता. चित्रे काढावीत, यंत्रे उघडून पाहावीत, यात त्याचे मन रमे. घरच्या वडीलधाऱ्यांना हे पसंत नव्हते. तेव्हा थोरले बंधू रामुअण्णा आणि वासुदेवराव त्याच्या मागे उभे राहिले, आणि १८८५ मध्ये लक्ष्मणराव मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत दाखल झाले. दोन वर्षांनी लक्षात आले की त्यांना काही रंगांतला फरक ओळखता येत नाही. चित्रकार व्हायला निघालेल्या तरुणाला रंगांधळेपणाची बातमी मिळावी, यापरते दुर्दैव कोणते! पण ती वेळेवर मिळाली. त्यांनी रंग बाजूला ठेवले आणि यांत्रिक रेखाटनाचा अभ्यास धरला. कडू बातमी वेळेत कळली तर माणूस वाट बदलू शकतो. तीच दहा वर्षांनी कळली असती तर?

पुढे ते व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये, म्हणजे आपल्या व्हीजेटीआयमध्ये, शिक्षक झाले. यंत्रांची रेखाटने शिकवता शिकवता संस्थेच्या कर्मशाळेत यंत्रे हाताळायलाही शिकले. तिथे बढतीची जागा निघाली. त्यांचा हक्क उघड होता; पण ती जागा एका अँग्लो-इंडियन गृहस्थांना दिली गेली. लक्ष्मणरावांनी नोकरी सोडली. त्यांच्या चरित्रातला हा प्रसंग स्वाभिमानाचा म्हणून सांगितला जातो, आणि तो तसा आहेच. मला मात्र त्यात आणखी एक गोष्ट दिसते. पुढे शेकडो माणसांचे मालक झालेल्या या माणसाने नोकराच्या बाजूने निर्णय ऐकला होता. आपल्याविषयीचा निर्णय दुसऱ्या खोलीत होतो आणि आपल्या हाती फक्त त्याचा शेवट येतो, ही भावना त्यांना ऐकीव नव्हती.

बेळगावात रामुअण्णांबरोबर त्यांचे सायकलींचे दुकान होते. सायकल तेव्हा नवलाची वस्तू होती, आणि सायकल विकायची तर ती चालवायलाही शिकवावी लागे. मालाबरोबर माहितीही द्यावी लागते, हा धंद्याचा पहिला धडा बहुधा इथेच मिळाला असावा. पुढे छोटी कर्मशाळा आली, कडबा कापायचे यंत्र आले, आणि मग लोखंडी नांगर.

या नांगराची गोष्ट सर्वांना माहीत आहे; तरी ती पुन्हा आठवण्यासारखी आहे. नांगर चांगला होता. पण लोखंडाने जमीन विषारी होते, असा शेतकऱ्यांचा समज होता. पहिले नांगर विकायला दोन वर्षे लागली. मी त्यांच्या जागी असतो तर कदाचित लोकांना अडाणी ठरवून मोकळा झालो असतो. साहेबाच्या खुर्चीतून ते फार सोपे असते. परंतु शेतकऱ्याची भीती खोटी असली तरी त्याची जमीन खरी होती. वर्षभराचे धान्य ज्या तुकड्यावर पिकते, तिथे कुणाच्या सांगण्यावरून तो प्रयोग कसा करील? अशा भीतीला हुकमाने उत्तर देता येत नाही. शेत नांगरून दाखवावे लागते, पीक येईपर्यंत थांबावे लागते, आणि एका शेतकऱ्याने दुसऱ्याला सांगावे याची वाट पाहावी लागते. ही दोन वर्षे मोठी महाग पडली असतील. पण सांगणे आणि पटणे यांच्यात किती अंतर असते ते त्यांतून मोजता आले.

बेळगावात जम बसतो आहे तोच नगरपालिकेच्या निर्बंधांमुळे कारखाना हलवणे भाग पडले. त्या वेळी औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी, ज्यांना लोक बाळासाहेब म्हणत, ते धावून आले. आपल्या संस्थानात कुंडल रोड रेल्वे स्टेशनजवळ त्यांनी बत्तीस एकर जमीन दिली आणि दहा हजार रुपये बिनव्याजी दिले. जमीन म्हणजे निवडुंगाने भरलेला, नागांचा वावर असलेला कोरडा माळ. १० मार्च १९१० रोजी या माळावर काम सुरू झाले. लक्ष्मणरावांबरोबर पंचवीस कामगार आणि त्यांची बायकामुले आली.

या पंचवीस कुटुंबांपाशी मी नेहमी थांबतो. बेळगावसारखे गाव सोडायचे, शाळा-दवाखाना-बाजार सोडायचा, आणि जिथे सावलीलाही झाड नाही अशा ठिकाणी लहान मुले घेऊन जायचे. नोटीस बोर्डावर कागद लावून अशी माणसे येत नाहीत. त्या घरांतून चुलीपाशी, आजीच्या समोर, किती बोलणे झाले असेल! तिथे पाणी आहे का, साप किती आहेत, कारखाना चालला नाही तर पुढे काय, हे सगळे प्रश्न निघाल्याशिवाय राहिले नसतील. आणि त्यांची उत्तरे देणारा माणूस स्वतःही बायकामुलांसह त्याच माळावर राहायला चालला होता. मालक स्वतः जिथे जातो आहे तिथे कामगाराला बोलावतो, तेव्हा निम्मे सांगणे न बोलताच झालेले असते.

वाडी उभी राहिली ती माणसामाणसाला ओळखून. रामुअण्णांनी वस्तीची आखणी आणि कारभार पाहिला. शंभुराव जांभेकर यंत्रांचे जाणकार. मंगेशराव रेगे कारकून, हिशेबनीस आणि कोठीवाले, असे तीन माणसांचे काम एकटे करीत. शाळेत अपयशी ठरलेले अनंतराव फळणीकर इथे कल्पक अभियंते बनले. आणि रात्रीच्या पहाऱ्यावर कोण? तर शिक्षा भोगून आलेली माणसे. तुकाराम रामोशी, पिराजीराव नाईक ही नावे वाडीच्या इतिहासात विश्वासू रखवालदार म्हणून राहिली आहेत. ज्या माणसाकडे गाव संशयाने पाहते त्याच्याच हाती रात्रीची वाडी सोपवायची, यात त्याला जे सांगितले गेले ते कुठल्या परिपत्रकात मावले असते? वाडीत अस्पृश्यता पाळायची नाही, असाही नियम होता. काळ १९१० नंतरचा आहे, हे ध्यानात घेतले म्हणजे त्याचे मोल कळते. नियम कारखान्यापुरता ठेवला असता तर तो पाळीच्या तासांपुरता राहिला असता. तो राहत्या वस्तीला लावला म्हणून तो घराघरात जाऊन पोचला.

पहिल्या महायुद्धाच्या काळात लोखंड आणि कोळसा मिळणे कठीण झाले. तरी बाहेरून येणारा माल थांबल्याने देशी नांगराला मागणीही आली. कारखाना वाढला, माणसे वाढली. १९२० मध्ये किर्लोस्कर ब्रदर्स ही लिमिटेड कंपनी झाली. आणि त्याच वर्षी वाडीतून एक छोटे नियतकालिक निघाले. त्याचे नाव ‘किर्लोस्कर खबर’.

खबर काढली ती लक्ष्मणरावांचे पुतणे शंकरराव यांनी. सोलापूरच्या डॉक्टर वासुदेवरावांचे हे चिरंजीव चित्रकला शिकून आले होते आणि कारखान्याच्या जाहिरातींचे काम पाहत होते. इंग्लंड-अमेरिकेतले मोठे कारखाने अशी घरची पत्रे काढत होते. मराठीत ही कल्पना नवी होती. कारखान्यात काय बनते आहे, कोणते यंत्र कसे वापरावे, शेतीत त्याचा उपयोग काय, अशी माहिती गिऱ्हाइकांना, विक्रेत्यांना आणि कारखान्याशी संबंध असलेल्या सर्वांनाच मिळावी, हा हेतू होता. पुढे खबरीचा आवाका वाढत गेला. स्वावलंबन, आरोग्य, सामाजिक सुधारणा असे विषय आले, नामवंत लेखक आले. नावातली ‘खबर’ गळाली आणि ‘किर्लोस्कर’ मासिक महाराष्ट्राच्या घराघरात गेले. १९३० मध्ये ‘स्त्री’ आणि १९३४ मध्ये ‘मनोहर’ ही भावंडे त्याला मिळाली. एका नांगराच्या कारखान्याच्या घरपत्राने मराठी मध्यमवर्गाची वाचनाची आवड घडवली, असे म्हटले तर ती अतिशयोक्ती होणार नाही.

माझ्यासारख्या नोटीस लावणाऱ्याला त्यातला क्रम महत्त्वाचा वाटतो. वाडी १९१० ची, खबर १९२० ची. आधी दहा वर्षे माणसे एका वस्तीत राहिली, एकमेकांच्या सुखदुःखाला गेली, आणि मग छापील शब्द आला. पंचवीस कुटुंबे होती तोवर छापण्याची गरजही नसावी. संध्याकाळी ओट्यावर बसले की खबर पोचत असेल. माणसे शेकड्यांनी झाली, माल दूरदूर जाऊ लागला, तेव्हा तोंडी बोलणे पुरेना म्हणून कागद आला. बोलणे टाळण्यासाठी तो आला नव्हता. आमच्याकडे नेमके उलटे होते. समोरासमोर सांगायची भीती वाटे म्हणून आम्ही कागद लावत होतो.

दुसरी गोष्ट भाषेची. खबर मराठीत होती, आणि शेतकऱ्याला, फिटरला, त्याच्या घरच्या मंडळींना कळेल अशा मराठीत होती. साच्यात ओतीव लोखंड भरणाऱ्या माणसाला दिवसभर वाळू, धूर आणि भट्टी दिसते. आपण ओतलेला फाळ कुणाच्या शेतात चालला हे त्याला कोण सांगणार? गिऱ्हाइकासाठी छापलेला अंक त्याच्याही घरी वाचला गेला असेल, तर त्याला आपल्या कामाचे दुसरे टोक दिसले असेल, असे मला वाटते. पगाराच्या पाकिटात ते मिळत नाही.

हे सारे वाचून किर्लोस्करवाडी म्हणजे रामराज्य होते असे कुणी समजू नये. मालक तो मालक आणि कामगार तो कामगार, हे अंतर तिथेही होतेच. राहते घरच कारखान्याच्या वस्तीत असले की मालकाशी भांडणेही अवघड होते, हेही खरे. आणि लक्ष्मणरावांच्या उतारवयात एक असा घाव बसला की त्यापुढे कोणतीही योजना थिटी पडावी. ३० जानेवारी १९४८ रोजी गांधीजींची हत्या झाली. त्यानंतर महाराष्ट्रात जी जाळपोळ उसळली, तिच्यात किर्लोस्करवाडीचा कारखानाही पेटवला गेला. वयाच्या एकोणऐंशीव्या वर्षी त्यांच्या वाट्याला हे आले. चाळीस वर्षे ज्या शेतकऱ्यांसाठी नांगर आणि पंप बनवले, त्याच मुलखात ही आग लागली.

या घटनेमागे त्या काळाचे राग आणि जातींचे जुने हिशेब होते. ते एका कारखान्याच्या बोलण्या-न बोलण्याने मिटणारे नव्हते. तरीही मला तिथे एक प्रश्न पडतो. वाडीच्या आत जे बोलणे होते, ते कुंपणाबाहेरच्या खेड्यांपर्यंत किती पोचले होते? आतल्या माणसांना वाडी आपली वाटत होती. बाहेरच्यांना ती कुणाची वाटत होती? माझ्यापाशी उत्तर नाही. पण कामगार संध्याकाळी फाटकाबाहेर पडतो तेव्हा तो एकटा नसतो. त्याच्यामागे घर, जात, गाव, पानटपरी सगळे असते, आणि कारखान्याची खबर तिथेही तयार होत असते, हे मी त्या प्रकरणापासून विसरलो नाही.

कारखाना पुन्हा उभा राहिला. त्याआधीच चिरंजीव शंतनुराव आणि पुढची पिढी हरिहर, पुणे, बंगळूरपर्यंत पोचली होती. २६ सप्टेंबर १९५६ रोजी लक्ष्मणराव गेले. त्यांच्या जन्मशताब्दीला, १९६९ मध्ये, टपाल खात्याने त्यांचे तिकीट काढले. पुणे-मिरज लोहमार्गावरून जाताना पूर्वीच्या कुंडल रोड स्टेशनवर आज किर्लोस्करवाडी ही पाटी दिसते.

या चरित्रातून मी माझ्यापुरती एक साधी पद्धत घेतली. कोणताही बदल करायचा झाला की कागद घेण्याआधी स्वतःला काही प्रश्न विचारायचे. याची झळ पहिली कुणाला लागणार? त्याला हे कुणाच्या तोंडून ऐकायला आवडेल? साहेबाच्या, की रोज खांद्याला खांदा लावून उभ्या असलेल्या फोरमनच्या? त्या फोरमनला आपण आधी नीट सांगितले आहे का, की त्यालाही ते बोर्डावरच वाचावे लागणार? कारण सांगितले आहे का? ऐकणाऱ्याला घरी जाऊन बायकोशी बोलायला, मुलांच्या शाळेची वेळ जुळवायला दिवस उरतात का? आणि त्याने काही विचारले तर ते आपल्यापर्यंत परत कसे येणार?

पुढच्या वेळी पाळी बदलली तेव्हा मी आठ दिवस आधी सुरुवात केली. आधी फोरमन आणि युनियनची माणसे, मग प्रत्येक खात्यात दहा मिनिटे यंत्रे थांबवून तोंडी सांगणे, आणि शेवटी बोर्डावर चार ओळी सरळ मराठीत, वीजकपातीच्या कारणासकट. प्रश्नांसाठी दोन दिवस ठेवले. एकाने विचारले की बदललेल्या वेळेला त्याच्या गावाकडची एसटी सुटून जाते, त्याचे काय? आमच्यापैकी कुणाच्या ते डोक्यातही आले नव्हते. पाळी दहा मिनिटांनी पुढे सरकवावी लागली. साहेब थोडे कुरकुरले. पण काम एक तासही बंद पडले नाही.

आता कचेऱ्यांतून काचेची पेटी गेली आणि प्रत्येकाच्या हातात मोबाइल आला. निर्णय एका बोटासरशी हजार माणसांना जातो, आणि तो वाचला गेल्याच्या दोन निळ्या खुणाही दिसतात. माझ्या मुलीच्या कंपनीत माणसे कमी करण्याची बातमी अशीच एका रात्री आली. ती मला फोनवर विचारत होती की बाबा, तुमच्या वेळी असे कळवत होते का? मी तिला आमच्या नोटीस बोर्डाची गोष्ट सांगितली. निळ्या खुणा म्हणजे माझ्या फाइलमधली कळवल्याची नोंदच आहे, एवढेच मला सांगता आले.

ते जुने टर्नर पुढे सात-आठ वर्षांनी निवृत्त झाले. निरोप समारंभात त्यांनी माझ्याशी हात मिळवला, घरी यायचे आमंत्रण दिले. त्या शनिवारचा विषय त्यांनी कधीच काढला नाही. कापलेला दोन दिवसांचा पगार मात्र कुणालाच परत मिळाला नाही.